कमळाचा चौकोन

१

शिवणाच्या बाबतीत मी पहिल्यापासून काटेकोर आहे. इंचाला बारा टाके. अकरा पडले तर उसवावे, तेरा पडले तरी उसवावे. पुढे जे सांगायचे आहे त्यातही मी एकही टाका जास्तीचा घालणार नाही. जे पाहिले, तोलले आणि ऐकले, तेवढेच लिहिते.

मी १९०७ साली पुण्यास मॅट्रिक झाले आणि दुसऱ्याच वर्षी प्लेगात माझे यजमान गेले; मूलबाळ नव्हते. पुढे धाकटा भाऊ गिरिधर जालन्यास वैद्यकी करू लागला, तेव्हा त्याच्या घरी राहावयास आले आणि तेथील मुलींच्या शाळेत गणित व शिवण शिकवू लागले. शाळा सकाळची असे. दुपारी तीन ते पाच मधल्या खोलीत खिडकीपाशी बसून शिवायचे, हा माझा नेम होता.

१९३६ च्या उन्हाळ्यात गिरिधरच्या पत्नीला, शरयूला, दिवस राहिल्याचे कळले. लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि एक गर्भ पाचव्या महिन्यात गेला होता. दोनच महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका स्त्रियांच्या मासिकाने बाळाच्या गोधडीची माला सुरू केली होती. दरमहा एक भरतकामाचा नमुना, त्याचा एक चौकोन. नऊ महिन्यांत नऊ चौकोन, ते जोडले की गोधडी. पहिले दोन अंक मी मागाहून मागवून घेतले. शरयूचे महिने आणि चौकोनांचे महिने त्यामुळे नीट जुळले. हे जुळवणे माझेच होते.

शेजारच्या उषाबाईंना ते रुचले नाही. “पोटातल्या बाळाच्या कपड्याला असा हात लावू नये,” असे त्या आडावर म्हणाल्याचे माझ्या कानावर आले. ‘असा’ म्हणजे कसा, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

शरयूने मात्र तो विषय एका वाक्यात मिटवला. “वन्सं, तुमच्याइतका सुबक हात जालन्यात दुसरा नाही. माझ्या बाळाचं तुम्हीच शिवायचं.”

त्या वाक्यासाठी मी काहीही शिवले असते.

२

नमुना कापडावर उतरवण्याची रीत अशी. कागदावरच्या रेघेवरून सुईने जवळ जवळ भोके पाडायची, कागद कापडावर टाचायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून हलकेच फिरवायची. कापडावर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून टाके घालायचे. पहिला नमुना कमळाचा होता. वर धुऊन मऊ झालेले मांजरपाट, आत जुन्या धोतराचे दोन पदर, खाली शरयूच्या विटलेल्या लुगड्याचा तुकडा. मासिकाच्या सूचना नेमक्या होत्या. चौकोन एक फुटाचा असावा. त्याचे वजन चार तोळ्यांहून अधिक नसावे, बाळाच्या छातीवर भार येतो. आणि चारही बाजू पक्क्या शिवल्यावाचून पुढच्या चौकोनास हात लावू नये.

शरयूला तपासायला सोनूबाई येत असे. ती टेंभुर्णीची, सुईण म्हणून तिचे नाव होते आणि गोधड्या शिवण्यातही तिचा हातखंडा होता. मी चौथी बाजू शिवत होते, तेव्हा ती उंबऱ्यावर टेकली.

“बाई, तोंड शिवून राह्यल्या का? घास टाकला का आत?”

“कसला घास?”

“चार दाणे जवारीचे. गोधडीचं तोंड उपाशी शिवत न्हाईत. आमच्याकडं लेकुरवाळी बाई टाकती.” तिने पदराची गाठ चाचपली. “तुमी म्हणाल तर मी टाकते.”

लेकुरवाळी हा शब्द तिने सरळ मनाने उच्चारला होता. मला तो तसा ऐकता आला नाही.

“दाण्यांना कीड लागते,” मी म्हणाले. “बाळाच्या अंथरुणात किडे चालायचे नाहीत. शिवाय मासिकात असे काही लिहिलेले नाही.”

“मासिकवाल्यानं कदी गोधडी पांघरली का, बाई?”

शरयू आतून खुदकन हसली. मी चौथी बाजू शिवून दोरा तोडला. इंचाला बारा टाके.

३

गिरिधरचा औषधे तोलण्याचा काटा मधल्या खोलीच्या कोनाड्यात असे. त्यावर कमळाचा चौकोन भरला तीन तोळे दहा मासे. तारीख घालून मी वजन वहीत लिहिले आणि चौकोन माझ्या लाकडी पेटीत ठेवला. दुसरा कोयरीचा, तीन तोळे अकरा मासे.

ज्येष्ठात तिसरा, पोपटाचा, पूर्ण झाला. तिन्ही एकावर एक ठेवावेत म्हणून मी पहिला उचलला आणि तो हाताला वेगळा लागला. जड म्हणावे इतका नव्हता. झोपी गेलेल्या मुलाचा हात उचलताना लागतो, तसा. काट्यावर टाकला. पाच तोळे दोन मासे.

दमट हवा, असे प्रथम मनात आले. परंतु ज्येष्ठात अजून एक थेंब पडलेला नव्हता. ओठ फुटत होते. मग मला काट्याचा संशय आला.

“अक्का, काटा बराबर आहे,” गिरिधर म्हणाला. “याच काट्यावर मी बचनाग तोलतो. चुकला असता तर आतापर्यंत अर्धे जालने माझ्या नावाने ओरडले असते.”

“ओरडायला उरले असते तर,” शरयू म्हणाली. तिने माझ्या मांडीवरचा चौकोन सहज गालाला लावला आणि लगेच खाली ठेवला.

“काय झाले?”

“काही नाही. ऊबदार आहे.”

ऊन खिडकीतून येत होते. माझ्या मांडीवर मात्र ते पोचलेले नव्हते.

४

मी मुलींना शिकवत असे की शंका आली तर पडताळा घ्यावा. मी त्याच मांजरपाटाचा, त्याच धोतराचा, त्याच लुगड्याचा एक चौकोन कापला. पदर एकावर एक ठेवले, पण शिवले नाहीत. वजन करून तोही त्याच पेटीत ठेवला.

श्रावणात सगळे पुन्हा तोलले. बाहेर झड लागली होती, भिंतींना ओल आली होती. न शिवलेला चौकोन तीन तोळे दहा मासे होता, तो तेवढाच राहिला. कमळाचा नऊ तोळ्यांवर गेला होता. कोयरीचा आठ. पोपटाचा साडेसहा. जो आधी बंद केला, तो अधिक जड. मी तो तक्ता वहीत स्वच्छ अक्षरात लिहिला. त्याखाली कारण लिहिण्यासाठी दोन ओळी सोडल्या. त्या ओळी आजही कोऱ्या आहेत.

शरयूला पाचवा संपून सहावा लागला होता. तिचे पोट वर येऊन थांबले, मग किंचित उतरले. ती खात नव्हती असे नाही. मी भाकऱ्या मोजत असे. गिरिधर दोन खाई, ती चार.

“वन्सं, पोट भरतच नाही,” ती एकदा हात धुताना म्हणाली. “जेवून उठते न उठते तोच वाटतं, कुणीतरी समोरचं ताट ओढून नेलं.”

मिशनच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी तपासले. जीव आहे, म्हणाल्या, पण महिन्यांच्या मानाने फारच लहान आहे. गिरिधरने दूध-तूप वाढवले, काढे दिले. काढ्याचे प्रत्येक औषध तो आता दोनदा तोलू लागला.

दुपारी तीनला मी खिडकीपाशी बसले की पेटीच्या बाजूने आवाज येई. फार बारीक. चुट, चुट, आणि मध्ये विसावा. घरात मांजर व्यायली असावी म्हणून मी अडगळ उपसली, फडताळ सरकवले. मांजर नव्हती. मी पेटीवर हात ठेवला की आवाज थांबे. हात काढला की थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई, नेमका त्याच लयीत.

५

भाद्रपदात सोनूबाईने शरयूच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग ती मधल्या खोलीत आली. तिने पेटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“किती शिवले?”

“सहा. सातवा चालू आहे.”

“समद्यांची तोंडं बंद?”

“सूचनेप्रमाणे.”

“उसवा, बाई.” ती आवाज न चढवता म्हणाली. “येक येक बाजू उसवा, घास टाका, मंग पुन्हा शिवा. मह्या हातानं नको तर शरयूबाईच्या हातानं टाका. पर जल्दी करा.”

मी तिला काय उत्तर दिले ते स्पष्ट लिहिते, कारण या सगळ्यात जर कोठे माझा अपराध असेल तर तो येथे आहे. माझ्यापाशी वही होती. वहीत तक्ता होता. सोनूबाईला आकडे वाचता येत नव्हते तरी ती जे म्हणत होती, तेच आकडेही म्हणत होते. पण उसवले असते तर माझ्या शिवण्यात काही वाईट होते, असे कबूल केल्यासारखे झाले असते. उषाबाईंचे बोलणे मी माझ्याच कात्रीने खरे ठरवले असते.

“माझ्या टाक्यांत दोष नाही,” मी म्हणाले.

“दोष कोन म्हणतंय? टाके लई चांगले हायेत.” सोनूबाई उठली. “त्याच्यानंच तर बाहीर येता येईना.”

६

सातव्या अंकात स्पर्धा जाहीर झाली होती. वाचक भगिनींनी आपला सर्वांत रेखीव चौकोन पाठवावा. परीक्षण करून टपालाने परत केला जाईल. मी कमळाचा निवडला. त्याच्या पाकळ्या सर्वांत चांगल्या साधल्या होत्या. तो सर्वांत जड होता म्हणून नव्हे, असे मी त्या दिवशी स्वतःला तीन वेळा बजावले. खरी गोष्ट एकदा सांगून पुरते.

टपालवाला पुंजाराम पुडके हातात घेऊन खालीवर करू लागला. “बाई, चौकोन हाय म्हणता. आत कापूस हाय का पाटा-वरवंटा?”

“तुम्ही वजन करा आणि शिक्का मारा.”

“मारतो की. पाट्यालाबी शिक्का बसतो.”

पुडके गेले. त्या दुपारी पेटीतला आवाज आला. पण त्यात एक आवाज कमी होता. ते आवाज अनेक होते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

७

नववा चौकोन पाळण्याचा. तो झाल्यावर मी गोधडी जोडली. आठच चौकोन असल्याने वरच्या डाव्या कोपऱ्यात खिडकीएवढी रिकामी जागा राहिली. उचलताना मला दोन्ही हात लावावे लागले. घरच्या तागडीत ती दोन शेर भरली. कापडाचे वजन वजा जाता तीत दीड शेर असे काहीतरी होते, जे मी शिवलेले नव्हते.

मार्गशीर्षात, दुपारी दोनच्या सुमारास, शरयूला कळा सुरू झाल्या. गिरिधर ओसरीवर पोथी उघडून बसला होता. पान उलटत नव्हता. मी मधल्या खोलीत गोधडी मांडीवर घेऊन बसले होते. आतल्या खोलीतून शरयूचा आवाज येत होता, मग तो थांबला. पुढे जो आवाज यायला हवा होता तो आला नाही. मी शंभर अंक मोजले.

सोनूबाई दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

“पोरगी हाय. मुठीएवढी. हालत न्हाई, श्वास न्हाई. बाई, कात्री कुठं हाय?”

कात्री माझ्या हातातच होती. ती केव्हा घेतली ते मला आठवत नाही.

“उसवा. मी तिच्यापाशी हाय.”

मी कोयरीच्या चौकोनाची बाजू उसवली. बारा टाके इंचाला. मी आयुष्यात इतके वाईट कापले नाही. आत हात घातला. धोतराचे पदर ओलसर होते, काखेसारखे ऊबदार, आणि त्यांना वास येत होता. तान्ह्या बाळाच्या टाळूचा. त्या घरात तोवर तान्हे बाळ कधी नव्हते. मांडीवरचा भार एकदम हलका झाला.

“बोट हाललं!” सोनूबाई आतून ओरडली. “आनखी!”

पोपट. मग चौथा. पाचव्याची बाजू उसवून मी पदर वर उचलला. तेव्हा पलीकडून, धोतराच्या त्या एका पातळ पदरातून, काहीतरी माझ्या बोटाकडे ढकलले गेले. गोल, सुपारीहून जरा मोठे. टाच कशी असते ते मला ठाऊक आहे. त्याविषयी मी याहून अधिक लिहिणार नाही. मी कात्री थांबवली नाही.

सहावा. सातवा. आठवा. पाळण्याचा नववा.

“श्वास घेतला!” सोनूबाई म्हणाली. मग तळपायावर चापट्या मारल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. “रड, माय. रड.”

मी आत गेले. मुलीचा रंग लाल झाला होता, छाती वरखाली होत होती. हनुवटी थरथरत होती, तोंड पूर्ण उघडे होते. रडणाऱ्या बाळाचे सगळे काही तेथे होते. आवाज नव्हता.

शरयूने खाटेवरून मान वळवून विचारले, “वन्सं, ती रडत का नाही?”

सोनूबाई माझ्याकडे पाहत होती. “कमळाचा कुठं हाय?”

“पुण्याला,” मी म्हणाले.

८

बाराव्या दिवशी, बारशाची तयारी चालू असताना, पुंजाराम आला. नाव तारा ठेवायचे ठरले होते. मुलगी दूध पीत होती, डोळे फिरवत होती, वजन धरू लागली होती. रडत नव्हती.

पुंजारामने पुडके अंगापासून लांब धरले होते. “बाई, कुनी मांजराचं पिल्लू तर न्हाई ना पाठवलं? मनमाडपासून डब्यात रडून राह्यलं म्हणे. टपालाच्या डब्यातल्या बाबूनं तीनदा थैली उलटी केली. काहीच न्हाई. पुन्हा बांधली की पुन्हा रडतं.” तो हसला, मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला. “आता गप हाय. मह्या हातात आल्यापासून बिलकुल गप.”

पुडक्यासोबत परीक्षकांची चिठ्ठी होती. टाके अत्यंत रेखीव; मात्र वजन मर्यादेपेक्षा पुष्कळ अधिक असल्याने विचार करता आला नाही.

मी सोनूबाईला मधल्या खोलीत बोलावले आणि कात्री घेतली. तिने पुडक्याला कान लावला. आपल्या हातांनी शेकडो मुले जगात आणलेली ती बाई. ती भिंतीपर्यंत मागे सरली.

“आता उसवायचं न्हाई.”

“का? त्या दिवशी तर...”

“त्या दिवशी त्याला तोंड फुटलं न्हवतं. आता फुटलंय.” तिने मला पुडके पेटीत ठेवायला लावले, मग पदराच्या गाठीतून चार दाणे ज्वारी काढली आणि पुडक्याशेजारी, पेटीच्या तळाशी, ठेवली. “भुकेलं हाय. पहिलं खाऊ घाला. रोज घाला, बाई. विसरू नका.”

ती बारशाचे जेवण न घेता गेली आणि पुन्हा आमच्या घरी आली नाही. दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. चार दाण्यांच्या जागी चार रिकामी टरफले होती. मी चिमूटभर ज्वारी घातली. त्यानंतर एकही दिवस चुकवलेला नाही.

९

बारा वर्षे झाली. सोनूबाई गेली. माझी साठी उलटली आणि शाळा सुटली. या भाद्रपदात निजामी राज्य गेले. पेटी मधल्या खोलीत त्याच जागी आहे.

तारा हुशार आहे. गणितात पहिली येते, खळखळून हसते, उषाबाईंच्या चालण्याची नक्कल करते. ती कधीही रडलेली नाही. लोक कौतुक करतात. “किती शहाणी पोर!” शरयू त्या वेळी जमिनीकडे पाहते. आम्ही दोघी त्याविषयी कधी बोललो नाही. मी समजत होते की पेटीचे फक्त मलाच ठाऊक आहे.

गेल्या बुधवारी दुपारी तारा माळवदाच्या जिन्यावरून पडली. मी धावले. ती अंगणात बसली होती. उजवा हात कोपरापासून भलत्या दिशेला वळला होता. तिची हनुवटी थरथरत होती. तोंड उघडले, पूर्ण उघडले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. डोळे कोरडे होते. आवाज नव्हता.

आणि मधल्या खोलीतून रडणे आले.

ते बारा वर्षांच्या मुलीचे रडणे नव्हते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे होते, टाहो फोडून, श्वास तुटेपर्यंत.

मी आत धावले. मी खरोखरच कात्री घेतली होती. बारा वर्षांपूर्वी जे भीतीने राहिले ते आज पुरे करावे, मुलीचे तिला देऊन टाकावे, हा एकच विचार मनात होता. मधल्या खोलीत पाऊल टाकले तो शरयू माझ्या आधी तेथे पोचलेली. तिने पेटीचे झाकण वर केले होते आणि तिच्या मुठीत ज्वारी होती.

“उसवू नका, वन्सं.”

“तुला... हे केव्हापासून?”

“तुम्ही सकाळी घालता. मी दुपारी घालते.” ती पेटीत पाहत होती, पाळण्यात पाहावे तशी. “तुमच्या चिमटीनं तिचं भागत नाही. आणि उसवून काय होईल? ती कुठे जाईल? ती अजून किती लहान आहे, ऐका तरी.”

माझ्या पाठीमागे पाऊल वाजले. तारा दारात उभी होती, मोडका हात छातीशी धरून. तिने पेटीकडे पाहिले. आश्चर्य तिच्या चेहऱ्यावर नव्हते. ती पुढे आली, आईच्या मुठीतून डाव्या हाताने चिमूटभर दाणे घेतले आणि वाकून पेटीत सोडले. नेमके, एकही बाहेर न सांडता. हाताचा नेमकेपणा माझाच आला आहे तिच्यात.

रडणे हुंदक्यांवर आले. मग थांबले. चुट, चुट.

तारा थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिले. डोळे कोरडे, तोंड अजून अर्धवट उघडे.

“ती गप्प झाली, आत्या,” ती म्हणाली. “माझं अजून दुखतंय.”